डोंगरसिंगचा आवाज

डोंगरसिंगनं तोंड उघडलं आणि आतून शिट्टी निघाली. टींऽव, टींऽव, मग खालच्या पट्टीत एक लांबलचक घरघर, मग पुन्हा टींऽव. गोकुळला आधी वाटलं, वायर सैल आहे. तो दिवाणावरून उठला, टीव्हीच्या मागे हात घालून त्यानं पिन दाबली, धुळीनं बरबटलेला हात पायजम्याला पुसला आणि पुन्हा येऊन बसला. रिमोटनं चित्र मागे नेलं. जांभळ्या आकाशाखाली काळ्या कातळावर, डोक्याला मोरपिसांचा उंच टोप घालून त्याचा बाप उभा होता. समोर चंदेरी कपड्यांतली तीन माणसं, पारदर्शक घागरीत डोकी घातल्यासारखी. बापाची छाती फुगली, मानेची शीर ताठ झाली, ओठ हलले, अगदी स्पष्ट हलले, आणि टींऽव. स्वयंपाकघरातून त्याची बायको आशा म्हणाली, "मिक्सर लावलाय की काय?" गोकुळनं पुन्हा मागे नेलं, पुन्हा पाहिलं, आवाज वाढवून पाहिलं, कमी करून पाहिलं, भाषा निवडायच्या यादीत जाऊन पाहिलं. तिथं हिंदी होती, इंग्रजी अक्षरं होती, आणखी काहीच नव्हतं. बाहेर नंदुरबारातली रविवारची दुपार होती. वाळत घातलेल्या मिरचीच्या पथारींवरून येणाऱ्या वाऱ्यानं घशात खवखव होत होती आणि डोळ्यांत पाणी येत होतं. ते मिरचीचंच असणार, असं तो धरून चालला.

हा सिनेमा गोकुळनं आयुष्यात एकदाच पाहिला होता. 'दूर का सूरज' त्याचं नाव. गोकुळ सहा-सात वर्षांचा असताना मुंबईचे लोक ट्रक भरभरून सामान घेऊन तोरणमाळला आले होते. त्यांना कुणी न पाहिलेली जमीन हवी होती आणि तिथं राहणारी कुणी न पाहिलेली माणसं हवी होती. दोन्ही त्यांना सातपुड्यात एकाच ठिकाणी सापडलं. होळी नुकती होऊन गेली होती, त्यामुळे मोरपिसांचे टोप, कमरेचे घुंगरू, सगळं घरोघरी तयारच होतं. कपडेपटाचं काम वाचलं. डोंगरसिंग पावरा उंच आणि आवाजानं मोठा, म्हणून त्याला परग्रहाचा राजा केला. सिनेमा तेव्हा कुठंच चालला नाही. मग इतक्या वर्षांनी शहाण्या माणसांच्या तो लक्षात आला, परदेशातल्या महोत्सवांत दाखवला गेला, आपल्याकडचा पहिला खरा अंतराळपट म्हणून त्याच्यावर लेख आले, आणि एका कंपनीनं जाहीर केलं की जुनी रिळं धुऊन-पुसून त्याची घरी बघायची नवी प्रत निघणार आहे. गोकुळनं ही बातमी शाळेच्या स्टाफरूममध्ये वाचली आणि पुढचे कित्येक महिने त्याचं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही. डोंगरसिंगचा एकही फोटो कुणाकडे नव्हता. गोकुळ आश्रमशाळेत जायच्या आधीच तो गुजरातेत ऊसतोडीला गेला आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून, घोंगडीत गुंडाळून परत आला. ताप होता म्हणतात, कुणी पान लागलं, साप डसला म्हणतात. म्हणजे त्याचा चेहरा आणि त्याचा आवाज जगात एकाच जागी शिल्लक होता, आणि तो आता कुरिअरनं, पुठ्ठ्याच्या सुबक खोक्यातून, स्वच्छ होऊन घरी येणार होता. ती डिस्क लावायचं यंत्रसुद्धा घरात नव्हतं. तौहिदच्या इलेक्ट्रिकच्या दुकानातून ते त्यानं मुद्दाम मागवून घेतलं, तेव्हा तौहिद म्हणाला होता, "सर, आते हाई कोन लेस? सगळं तं मोबाइलवर दखातस." हल्ली असं यंत्र कुणी घेत नाही, हे गोकुळलाही माहीत होतं.

धडगावच्या आश्रमशाळेत तो सिनेमा दाखवला गेला तेव्हा गोकुळ सातवीत होता. अधीक्षकांनी कुठून तरी टीव्ही आणि व्हिडिओ भाड्यानं आणला होता. पटांगणात पोरं मांडी घालून बसली होती, जनरेटर धडधडत होता, पडद्यावर मुंग्या फिरत होत्या. कातळ दिसला, टोप दिसला, आणि मग ढोल आणि वारा यांच्या गोंगाटातून बापाचा आवाज आला. आपल्या बोलीत. शाळेत जी बोली बोललं की छडी बसायची, त्याच बोलीत. "…ल्या, मागे फिर! कडा आहे तिथं!" नावाची सुरुवात वाऱ्यानं खाल्ली होती, पण गोकुळला ती ऐकू येण्याची गरजच नव्हती. घरी त्याला गोकल्याच म्हणत. पडद्यावर एक बाई, ती शास्त्रज्ञ होती, हिंदीत आपल्या माणसांना सांगत होती, "ये कह रहे हैं, लौट जाओ." नवल म्हणजे ते बरोबरच होतं. आणि त्याच क्षणी सगळं पटांगण हसलं. पोरं गडबडा लोळली, कुणी पाठीत धपाटे घातले, गोकुळही हसला, पोट दुखेपर्यंत हसला, आणि मग उठून नळावर जाऊन तोंड धुऊन आला. कुणाला काही बोलला नाही. पण त्या दिवसापासून ती गोष्ट त्याच्याजवळ होती, की मोठमोठे चंदेरी पत्रे उन्हाला धरून माणसं उभी आहेत, मुंबईचे साहेब ओरडतायत, आणि बाप ते सगळं विसरून कड्याकडे गेलेल्या आपल्या पोराला हाक मारतोय. नाशिकला नोकरीच्या मुलाखतीला तो बंद दाराबाहेर बसला होता तेव्हा त्यानं ती हाक मनात वाजवून घेतली होती. पहिल्यांदा माइकसमोर उभा राहिला तेव्हाही. 'मागे फिर' हा काही पुढे जायला उपयोगी पडणारा शब्द नव्हे, पण त्याला त्यातलं एवढंच पुरत होतं की कुणाचं तरी आपल्याकडे लक्ष आहे.

"आई, इकडे बघ," तो म्हणाला. रूपलीबाई खिडकीजवळच्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसली होती. तिचे डोळे ऑपरेशननंतर चांगले झाले होते, कान मात्र गेल्यातच जमा होते. जवळ जाऊन मोठ्यानं बोलावं लागे. घरात ते आपल्या बोलीतच बोलत. "ओळखलंस का?"

"कोण आहे?"

"बाबा."

ती उठली, भिंतीला धरत टीव्हीजवळ गेली, थांबवलेल्या चित्राकडे तिनं बराच वेळ पाहिलं आणि मग डोंगरसिंगच्या गालावर बोट ठेवलं. "देवीचे वण कुठेत याचे?"

गोकुळ जवळ आला. गाल मेणबत्तीसारखा गुळगुळीत होता. कपाळ, नाक, हनुवटी, सगळं नुकतंच ओतून काढल्यासारखं. खोक्याच्या मागच्या बाजूला अभिमानानं छापलं होतं, की चित्रावरचा प्रत्येक डाग, प्रत्येक ओरखडा, प्रत्येक ठिपका काढून टाकला आहे. यंत्राला काय कळणार ठिपका कुणाचा.

"हा तो नाही," रूपलीबाई म्हणाली आणि खुर्चीकडे परतली.

"आई, तेव्हा बाबा काय ओरडला होता, आठवतं?" त्यानं तिच्या कानाशी तोंड नेऊन विचारलं.

"मला काय विचारतोस? मी मोहाची फुलं वेचायला गेलेले. मोहाचे दिवस ते. पहाटे जायचं ते उन्हं उतरल्यावर यायचं. पिक्चरवाल्यांकडे तुझा बाप होता, मी नव्हते."

आशा पदराला हात पुसत आली. सिव्हिल हॉस्पिटलमध्ये नर्स म्हणून काम करून तिची प्रत्येक गोष्टीकडे नाडी धरल्यासारखं बघायची सवय झाली होती. "तुमचा चेहरा कसला झालाय," ती म्हणाली. "एक पिक्चर तर आहे. परत पाठवा, पैसे मागून घ्या." तिला एवढंच माहीत होतं की सासरे कधीकाळी सिनेमात होते. हाकेचं त्यानं तिला कधीच सांगितलं नव्हतं, आणि आता सांगायला गेलं तर पुरावा म्हणून त्याच्याकडे फक्त ती शिट्टी होती.

खरी टोचणी त्यानंतर सुरू झाली. त्या रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या त्यानं नेहमीसारखी ती दुपार डोळ्यांपुढे आणली: पिवळं गवत, कड्याची धार, खाली सीताखाईच्या दरीत उतरलेलं धुकं, आणि धारेवर उभं असलेलं फाटक्या सदऱ्यातलं लहान पोर, पाठमोरं. पाठमोरं. तो एकदम कुशीवर वळला. स्वतःची पाठ स्वतःला कशी दिसली? इतकी वर्षं तो स्वतःला कॅमेऱ्याच्या जागेवरून बघत आला होता. मग कड्याची ती आठवण तरी त्याची होती की पटांगणात बसून त्यानं ती सिनेमातून उचलली होती? आणि दुसरी गोष्ट, जी इतके दिवस त्याच्याच पायाखाली होती आणि त्यानं कधी वाकून पाहिली नव्हती: पोरं हसली का? 'मागे फिर, कडा आहे' यात हसण्यासारखं काय आहे? सगळी आपल्याच बोलीची पोरं. त्यांना शब्दन् शब्द कळला होता. बाप काहीतरी वेगळंच बोलला असेल. शिवी असेल. पिक्चरवाल्यांना घातलेली कचकचीत शिवी, आणि त्यावर अख्खं पटांगण हसलं असेल, आणि सातवीतल्या एका बिनबापाच्या पोरानं त्या शिवीत स्वतःचं नाव घालून घेतलं असेल. शेजारी आशाचा श्वास एका लयीत चालला होता. त्याला तिला उठवून विचारावंसं वाटलं, पण काय विचारायचं ते ठरेना.

पुढचे दिवस तो शाळेत जात होता, येत होता, पण मोकळ्या तासाला मोबाइलवर तेच वाचत बसे. तो एकटाच नव्हता. जगभरातून माणसं चिडली होती. आकाश जांभळं का केलं, ते तर राखाडी होतं. चेहरे बाहुल्यांसारखे का दिसतात. बंगळुरूच्या कुणीतरी लिहिलं होतं, आमचं लहानपण धुऊन टाकलं. गोकुळला वाचताना बरं वाटे, जणू दुखवट्याला आलेल्या माणसांमध्ये आपण बसलो आहोत. मग एकाची ओळ आली. मूळ सिनेमात परग्रहावरची माणसं जी निरर्थक बडबड करायची, त्या बडबडीत खरी भीती होती. या नव्या यांत्रिक आवाजांत ती कुठं? खाली शेकडो लोकांनी मान डोलावली होती. गोकुळनं लिहिलं, 'ती बडबड नव्हती.' बोट पाठवायच्या खुणेवर नेलं. आता कुणीतरी विचारणार, मग काय होतं? त्या प्रश्नाचं उत्तर गेल्या आठवड्यापर्यंत त्याच्याकडे होतं. त्यानं एक एक अक्षर मागे घेत ओळ पुसून टाकली.

खोक्यावरच्या नंबरावर त्यानं फोन केला तो शाळेच्या जिन्याखाली उभं राहून. एक तरुण मुलगी बोलत होती, आवाजानं गोड.

"सर, वो पुराना साउंड बहुत ख़राब था. पूरा नया डिज़ाइन किया है."

"पुराना कहीं रखा होगा न? उसमें मेरे पिताजी की आवाज़ थी."

"सर, आपके पिताजी ॲक्टर थे?"

"नहीं."

"तो डबिंग?"

"नहीं. वो वहीं के थे. तोरणमाळ के."

"जी," ती म्हणाली. तिनं काहीतरी टाइप केल्याचा आवाज आला. तिला काय लिहावं ते सुचत नसावं. "सर, मैं आपका फ़ीडबैक आगे भेज देती हूँ. आवाज़ साफ़ नहीं आ रही, यही प्रॉब्लम है न?"

"हाँ," गोकुळ म्हणाला. "यही."

शाळेच्या स्नेहसंमेलनाचं सूत्रसंचालन नेहमीप्रमाणे त्याच्याकडे होतं. नंदुरबारात कुठलाही कार्यक्रम असो, सत्कार असो, ग्रंथदिंडीचा समारोप असो, माइकवर पावरा सर. मुख्याध्यापक भूपेंद्र सर पाहुण्यांशी ओळख करून देताना हमखास म्हणत, "यांचं मराठी ऐका. सांगितल्याशिवाय कळणार नाही कुठले ते." गोकुळनं ती स्तुती म्हणूनच घेतली होती, ती कमवायला त्याला 'ण' आणि 'न' यांच्यावर वर्षं घालवावी लागली होती. त्या संध्याकाळी तो मंडपात उभा राहिला, पाहुण्यांकडे पाहून त्यानं मान लववली आणि 'उपस्थित मान्यवर' म्हणायला तोंड उघडलं, तेव्हा एक भीती अंगावरून सरसरत गेली: आता शिट्टी निघेल. ओठ हलतील आणि टींऽव. तो थांबला. माइकनं त्याचा श्वास सगळ्या पटांगणाला ऐकवला. पहिल्या रांगेत बसलेल्या जागृती मॅडमनी पाण्याची बाटली पुढे केली. तो पाणी प्यायला, त्यानं कार्यक्रम पार पाडला, सगळे छान झालं म्हणाले. पण दर वाक्याला तो स्वतःच्या आवाजाच्या किंचित मागे उभा होता आणि कान देऊन तपासत होता की ओठ आणि शब्द जुळतायत की नाही.

दुसऱ्या दिवशी तो तौहिदच्या दुकानात गेला. तौहिदचे वडील गफूरभाई पूर्वी कॅसेटी भाड्यानं देत. आता ते नव्हते, पण माळ्यावर काही पडून असेल अशी आशा होती. तौहिद कुणाचा तरी पंखा उघडून बसला होता. त्यानं हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.

"अब्बान्या कॅसेटा? सर, त्या तं कवयच बुरशी लागीसन फेकाई गयात. काय व्हतं त्यामां?"

गोकुळनं सांगितलं. पहिल्यांदाच कुणाला तरी सांगितलं, पण अर्धंच: जुन्या प्रतीत वडील काहीतरी बोलले होते, ते आता ऐकू येत नाही, आणि आपल्याला नक्की शब्द आठवत नाहीत. तौहिदनं ऐकून घेतलं. मग जगातली सर्वांत सोपी गोष्ट सांगावी तसं म्हणाला, "मंग ज्यासनी तवय दखेल व्हता, त्यासले इचारा ना! कोनी ना कोनी तं व्हई."

तेव्हा पाहिलेला, गावचाच दिलवर होता. पटांगणात गोकुळच्या शेजारी बसून सगळ्यांत मोठ्यानं हसला होता तो. आता धडगाव ते शहादा जीप चालवतो, एवढं गोकुळला माहीत होतं. इतकी वर्षं एकाच जिल्ह्यात राहून लग्ना-मयतात नुसता रामराम, त्यापलीकडे काही नाही. शनिवारी अर्धी सुट्टी होती. सकाळची शाळा आटोपून गोकुळ निघाला. घाटात बस वळणं घेत होती आणि प्रत्येक वळणाला त्याला वाटत होतं, उतरावं, परत जावं. आत्तापर्यंत निदान संशय होता. संशयात अर्धा वाटा आपला असतो. दिलवरनं एकदा का 'शिवी होती' म्हटलं की संपलं. मग बापाचं काय उरलं? एक मेणाचा गाल. समोरच्या सीटच्या दांडीवर त्यानं हात ठेवला तर घामाचे ठसे उमटले आणि हळूहळू विरून गेले.

धडगावच्या स्टँडवर दिलवर जीपच्या बोनेटवर बसून शेंगा सोलत होता. केस पिकले होते, पुढचा एक दात नव्हता. गोकुळला बघून तो खाली उतरला. "अरे गोकल्या! सर झालास आणि वाट विसरलास होय?" कित्येक वर्षांत कुणी त्याला त्या नावानं हाक मारली नव्हती. चहा आला. मुलाबाळांचं झालं, रूपलीबाईच्या कानांचं झालं. मग गोकुळनं कप खाली ठेवला आणि विचारलं, "शाळेत पिक्चर दाखवला होता, बाबाचा. आठवतो?"

"न आठवायला काय झालं?" दिलवरचा चेहरा एकदम फुलला.

"तुम्ही सगळे हसलात का रे तेव्हा?"

"हसणार नाही तर काय! दुसऱ्या दुनियेतला राजा, डोक्यावर एवढा टोप, आणि पोराचं नाव घेऊन बोंबलतोय, मागे फिर, कडा आहे! ज्याचं नाव घेतलं ते पोर तिथंच आपल्यात बसलंय. मला तर हसून हसून चड्डीत झाली होती."

शिवी नव्हती. शब्द तेच होते, आठवण खरी होती. गोकुळला हसू आलं, डोळे भरून आले, त्यानं दिलवरच्या गुडघ्यावर हात ठेवला. "मला वाटायला लागलं होतं की मीच काहीतरी… की त्यानं मला हाक मारलीच नव्हती."

दिलवर शेंग सोलता सोलता थांबला. "तुला?"

"मला. गोकल्या, मागे फिर."

"दिल्या," दिलवर म्हणाला. "दिल्या, मागे फिर. मला हाक मारली होती त्यानं."

स्टँडवर एक कंडक्टर शहाद्याच्या नावानं ओरडत होता. "नावाची सुरुवात ऐकूच येत नव्हती," गोकुळ म्हणाला. "वारा होता."

"पिक्चरमध्ये नसेल आली. मी तर तिथं कड्यावर होतो ना." दिलवरच्या आवाजात वाद नव्हता. तो समोरच्या डोंगराकडे बघत सांगत होता. "खाली मधाचं मोहळ लटकलेलं दिसलं म्हणून वाकलो. एक पाय सुटला होता माझा, गोकल्या, हवेत होता. तेवढ्यात तुझा बाप ओरडला. ती माणसं खूश झाली, त्यांना वाटलं काय झकास ओरडला. त्यांनी तेच ठेवलं. मी माझ्या पोरांना सांगितलंय, नातवंडांना सांगितलंय. ते म्हणतात, आजा थापा मारतो. तुझ्याकडे आहे का तो पिक्चर? एकदा ऐकव ना त्यांना."

"आवाज काढून टाकलाय," गोकुळ म्हणाला. "शिट्टी वाजते आता."

दिलवरला ते कळायला वेळ लागला. गोकुळनं समजावून सांगितलं, नवी प्रत, धुलाई, नवे आवाज. दिलवरनं शेंगांची टरफलं मुठीत चुरगळली. "म्हणजे आता कुणाला खरं वाटायचं नाही." मग म्हणाला, "आपण दोघंच राहिलो ऐकलेले."

"आणि दोघांचं ऐकणं वेगळं."

दिलवरनं त्याच्याकडे नीट पाहिलं. त्या पाहण्यात काय होतं ते गोकुळला पुढे कधी नीट सांगता आलं नसतं. आजारी माणसाच्या उशाशी बसलेला माणूस पाहतो तसं काहीतरी. "बरं," दिलवर म्हणाला, "तुझं असू दे. गोकल्याच म्हणाला असेल. बाप तर तुझाच होता." आणि पेटवलेली बिडी दुसऱ्याच्या हातात द्यावी तितक्या सहज हे बोलून तो फडक्यानं जीपची काच पुसायला लागला.

त्याच क्षणी गोकुळला कळलं की हाक दिलवरचीच होती. ज्याची वस्तू असते त्यालाच ती अशी देता येते. गोकुळला काही ती देता आली नसती. आत्ताही, बोनेटवर ठेवलेला त्याचा हात मूठ आवळूनच होता. रागवावं तर कुणावर, ते समजेना. इतकी वर्षं तो दुसऱ्या पोराच्या नावाची हाक उराशी धरून मुलाखतींना गेला होता, माइकसमोर उभा राहिला होता, आणि ती चालली होती. एकदाही खोटी वाजली नव्हती.

जीप भरली. दिलवरनं त्याला पुढे बसवलं, शहाद्यापर्यंत सोडतो म्हणाला. मागे बाया, बोचकी, एक कोंबडा. धडगाव मागे पडलं आणि घाट सुरू झाला. खाली साग पानं गाळून उभे होते आणि त्यांच्या फांद्यांमधून दूरवरचा रस्ता सुतळीसारखा दिसत होता. मग गोकुळनं समोर बघतच विचारलं, "मी कुठं होतो मग?"

"केव्हा?"

"तू कड्यावर होतास तेव्हा. मी कुठं होतो?"

"तू होय?" दिलवरनं गिअर बदलला. "तू ताडपत्रीच्या तंबूत. ताप होता तुला. नुसता भाजत होतास. तुझी आई मोहाला गेलेली, म्हणून बापानं तुला सोबत आणलं होतं. ते लोक जरा थांबले की तुझा बाप टोप काढून तुझ्याकडे पळायचा. ते साहेब जाम वैतागायचे. सगळ्या अंगाला राख फासलेली ना त्याच्या, तुला हात लावला की ती पुसली जायची. मग परत फासा, परत उभं करा. आणि तुझं हे एवढंसं कपाळ, त्या राखेनं पांढरं फेक. आम्ही पोरं बघून हसायचो."

गोकुळनं तंबू आठवून पाहिला. ताडपत्रीचा वास, आत शिरणारं ऊन, अंगातली कणकण. काहीच येईना. ना समोरून, ना पाठीमागून. तिथं कॅमेरा नव्हता. तो वळून दिलवरला विचारणार होता, हे खरं सांगतोयस, की मगाशी माझं तोंड बघून…? दिलवरची नजर वळणावर होती, दोन्ही हात चाकावर, तुटक्या दाताच्या फटीतून तो काहीतरी गुणगुणत होता. खरं सांगणारा माणूस असाच दिसतो. दुसऱ्याला जपणाराही असाच दिसतो. गोकुळनं विचारलं नाही.

जीप कड्याच्या बाजूनं उतरत होती. त्यानं हात कपाळावर नेला. कपाळ घामानं ओलं होतं. त्यानं ते एकदा पुसलं आणि हात मांडीवर ठेवला, बोटांकडे न बघता.